डोळे चिकटवले म्हणजे जीव येतो का?

हल्ली जाहिरातींत काय वाटेल ते बोलतं. टूथब्रश बोलतो, बादली गाते, साबणाची वडी डोळा मारते. वस्तूला दोन डोळे आणि एक तोंड चिकटवलं की झाली ती जिवंत, असा एकूण समज दिसतो. मला तो साफ नामंजूर आहे. जीव चेहऱ्यात नसतो, हालचालीत असतो.

पुरावा हवा? 'लक्सो ज्युनिअर' बघा. जॉन लॅसेटरने १९८६ साली पिक्सारमध्ये केलेली, जेमतेम दोन मिनिटांची फिल्म. दोन टेबललॅम्प, एक मोठा, एक छोटा, आणि एक चेंडू. ना डोळे, ना तोंड, ना एक शब्द. छोटा चेंडूवर उड्या मारतो, चेंडूतली हवा जाते आणि हा मोठ्यासमोर मान खाली घालतो... बस्स, आपल्याला घरातलं पोर दिसायला लागतं!

यात जादू नाही, जुनी कारागिरी आहे. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात अॅनिमेशनची १२ तत्त्वं मांडली. ती हाताने चित्रं काढणाऱ्यांची. लॅसेटरने ती कॉम्प्युटरवर वापरली. एक तत्त्व असं, की हलणारी गोष्ट दबते आणि ताणली जाते. आता धातूचा दिवा कसा दबणार? तर तो सांध्यांत दुमडतो आणि उडी घेताना सरळ होतो. दुसरं तत्त्व, कृतीआधी तिची तयारी दिसली पाहिजे. दिवा उडीआधी खाली बसतो, आणि त्या क्षणभरात आपल्याला वाटतं, याने मनाशी काहीतरी ठरवलं.

शिवाय छोटा म्हणजे मोठ्याची लहान प्रत नव्हे. त्याचे दांडे आखूड केले, पण बल्ब मोठ्याच्याच मापाचा ठेवला. का? तर बल्ब वाढत नाही, तो दुकानातून आणतात! मी तर या विचारावर फिदा आहे.

डॅलसच्या परिषदेत ही फिल्म दाखवल्यावर कॉम्प्युटर ग्राफिक्समधले दिग्गज जिम ब्लिन लॅसेटरकडे आले. आता काहीतरी तांत्रिक विचारणार, अशी धास्ती. ब्लिननी विचारलं, तो मोठा दिवा आई होती की बाबा?

म्हणून वाटतं, अॅनिमेशन शिकणाऱ्या पोरांच्या हाती पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर देऊ नये. डिस्नेतला जुना अभ्यास द्यावा: अर्धं भरलेलं पिठाचं पोतं काढा. ते खूश दाखवा, रुसलेलं दाखवा, दमलेलं दाखवा. चेहरा काढायचा नाही. नाहीतरी माणसं आपण अशीच ओळखतो. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते कळतंच, आणि आज काही बिनसलंय का, तेही कळतं.

बघा, पटतंय का.