कानातला सूंकार



परवा एक तरुण मजकडे खिन्न मुद्रेने आला. काटकसर करून त्याने कानाच्या आत बसणारे भारी इअरफोन घेतले होते. पण खिशातील संगीतयंत्राला जोडताच गाण्यामागे बारीक 'सूं' असा नाद! "फादर, मी फसलो," तो म्हणाला.

मी त्याला आवाज अगदी खाली आणावयास सांगितले. गाणे लोपले, सूंकार मात्र होता तसाच राहिला. तेव्हा तो ध्वनिमुद्रणातला नव्हे, यंत्रातील अॅम्प्लिफायरचा, हे उघड झाले. विजेच्या प्रत्येक मंडलात इलेक्ट्रॉनांच्या अविरत हालचालीमुळे असा सूक्ष्म गोंगाट असतोच. १९२८ साली जॉन्सन व नायक्विस्ट ह्या शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. कानातले इअरफोन अत्यल्प विजेनेही बोलू लागतात, शिवाय बाहेरचा गलबला अडवितात; म्हणून तो ऐकू येतो. दोष एकट्या कुणाचा नव्हे, जोडी जमली नाही इतकेच.

यंत्रात 'गेन' कमी करण्याची सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास मध्ये रोधक असलेला लहान अॅडॅप्टर जोडावा. त्याने सूंकार उतरतो, मात्र काही इअरफोनांचा स्वर किंचित बदलतो. खरेदीपूर्वी दोन्ही एकत्र ऐकून पाहणे सर्वांत उत्तम.

सूंकार बुडविण्यासाठी आवाज चढविणे मात्र सर्वथा टाळावे. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानते. मोठ्या आवाजाने कायमची गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, हे आईबापांनी मुलांना अवश्य सांगावे.