त्रास न देणारे रहिवासी

वृद्धाश्रमाच्या कार्यालयात एखाद्या आजींची चौकशी केली की व्यवस्थापक कौतुकाने सांगतात, ‘त्यांचा काही म्हणजे काही त्रास नाही. दोन घास खातात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, आपल्या कॉटवर पडून असतात.’ ऐकणाऱ्या मुलाला किंवा भाचीला हायसं वाटतं. खरं तर तिथेच कान टवकारायला हवेत. भूक मेली आहे, माणसं नकोशी झाली आहेत, उठण्याचं कारण उरलेलं नाही, असाच या कौतुकाचा अर्थ असू शकतो. डॉक्टरांच्या कागदावर यालाच नैराश्याची लक्षणं म्हणतात.

आरडाओरडा करणारे, रात्री उठून फाटकाशी जाणारे, मावशींच्या अंगावर धावून जाणारे आजोबा लवकर डॉक्टरांपुढे जातात, कारण त्यांच्यामुळे सगळ्या आश्रमाची झोप मोडते. नैराश्य फक्त ज्याला झालं आहे त्याचीच झोप मोडतं. पहाटे तीनला जाग येते, आणि सहाच्या चहापर्यंत तो माणूस छताकडे बघत पडून राहतो. शेजारच्या कॉटवरच्याला त्याची गंधवार्ता नसते. जगभरच्या पाहण्या एकत्र मांडल्या तर अशा निवासांतल्या सुमारे दहा टक्के वृद्धांना तीव्र नैराश्य आणि त्याहून कितीतरी अधिक जणांना, म्हणजे चारांत एकाहून जास्त, कमीअधिक लक्षणं असल्याचं दिसतं. चाळीस कॉटच्या आश्रमाला हे प्रमाण लावलं तर तीव्र नैराश्याच्या चार कॉट कुठल्या, हे तिथल्या कुणालातरी ठाऊक असायला हवं.

ठाऊक नसतं, याचं एक कारण असं की उतारवयात हा आजार भलत्याच नावांनी समोर येतो. ‘मला उदास वाटतं’ असं पंचाहत्तरीतलं आपलं माणूस सहसा म्हणत नाही. ते म्हणतं, छातीत धडधडतं. डोकं जड आहे. पोट साफ होत नाही. हातापायांत जीव नाही. घास घशाखाली उतरत नाही. आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर रक्तदाब घेतात, साखर बघतात, पोटाचं औषध आणि झोपेची गोळी लिहून पुढच्या कॉटकडे वळतात. झोपेच्या गोळीने नैराश्य हटत नाही. रात्री बाथरूमला जाताना तोल मात्र जातो, आणि मग खुब्याचं हाड.

कधी नैराश्य विसराळूपणाचं रूप घेतं. काल काय जेवलात, आज वार कोणता, असं विचारलं की ‘मला नाही माहीत, जाऊ द्या’ असं उत्तर येतं, आणि ‘आता यांचं वय झालं’ म्हणून स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसतो. ज्याची स्मृती खरोखर जाऊ लागली आहे तो बहुधा काहीतरी उत्तर जुळवतो, वेळ मारून नेतो. नैराश्यातला माणूस प्रयत्नच सोडतो. अर्थात दोन्ही एकाच माणसात असू शकतात, आणि पुष्कळदा असतात. अशा वेळी त्याला प्रश्न विचारून भागत नाही. म्हणून १९८८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळी मोजपट्टी केली. तिच्यात रुग्णाइतकंच त्याची देखभाल करणाऱ्याला विचारलं जातं. आणि कालपर्यंत बोलणारा माणूस दोन दिवसांत एकदम मंद, गुंगल्यासारखा झाला तर मनाच्या आधी लघवीचा जंतुसंसर्ग आणि रक्तातलं सोडियम तपासायचं असतं. थायरॉइड, बी-१२, नुकताच येऊन गेलेला पक्षाघाताचा झटका, चालू असलेली औषधं हेही बघावं लागतं. म्हणजे हे नुसतं ‘चार शब्द गोड बोला’ असं काम नाही, वैद्यकीय काम आहे.

दुसरं पांघरूण आपल्या रीतिभातीचं. ‘आता काय राहिलंय, देवानं न्यावं’ हे वाक्य आपल्याकडे पिकल्या वयाला शोभून दिसतं. आपण त्याला विरक्ती म्हणतो, कधी हात जोडतो. पण समाधानी म्हातारं माणूस हे वाक्य बोलून झाल्यावर आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार करतं, नातवाच्या निकालाची तारीख विचारतं, टीव्हीच्या रिमोटवरून भांडतं. भांडणारे आजोबा त्या अर्थी बरे. नैराश्यात तक्रारही संपते. ज्याला विरक्ती आली त्याची जपमाळ चालू असते. नैराश्यात माळसुद्धा खुंटीवर राहते. आणि ‘देवानं न्यावं’ म्हणणारा माणूस गोळ्या थुंकून टाकू लागला, साठवू लागला, जेवण मागे सारू लागला, तर ‘जीव नकोसा झालाय का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का’ असं सरळ विचारायला हवं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, हे मानसोपचारवाले कधीपासून सांगत आहेत.

म्हातारपणाच्या दुःखाची आपली कल्पना बरीचशी रंगभूमीने घडवली आहे. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं आणि मराठी मध्यमवर्गाने अप्पा बेलवलकरांच्या रूपाने एक दुःखी म्हातारा कायमचा डोळ्यांत साठवला. तो बोलतो, गरजतो, आभाळाला जाब विचारतो. नाटकाला ते लागतंच. पण आश्रमातला नैराश्याने ग्रासलेला माणूस स्वगत म्हणत नाही. त्याच्याकडे वाक्यच उरत नाहीत. आपण दुःखाचा आवाज ऐकण्याची सवय करून घेतली, त्यामुळे मुकं दुःख ऐकू येत नाही.

त्याच साच्यातून दुसरा घोटाळा येतो तो दोषाचा. वृद्धाश्रमातला माणूस उदास आहे ना, मग मुलगा नालायक किंवा सून वाईट. एकदा गुन्हेगार सापडला की उपचार करायचं कारण संपतं. ‘पोटच्या पोरांनी टाकलं, उदास होणारच’ या वाक्यात कळवळा आहे, पण ते वाक्य आजाऱ्याला औषधाविना ठेवतं. पाय मोडलेल्या माणसाला ‘जिन्यावरून पडलात, दुखणारच’ एवढं सांगून आपण घरी जात नाही. शिवाय आता परिस्थिती तेवढी सरळ राहिलेली नाही. मुलं परदेशी, स्वतःची पेन्शन, सदाशिव पेठेतला किंवा डोंबिवलीतला फ्लॅट बंद करून स्वखुशीने भरपूर अनामत भरून आलेली जोडपीही आहेत, आणि त्यांतला एक गेला की मागे राहिलेलाही याच अंधारात जातो. काही जण घरी असतानाच खचलेले असतात. घरच्यांना ते झेपेनासं झालं म्हणूनच आश्रमात येतात. त्यांचं नैराश्य आश्रमाने दिलेलं नसतं, ते सामानाबरोबर आलेलं असतं. पण प्रवेशाच्या दिवशी ते सामान कुणी उघडून बघत नाही.

आश्रम स्वतः काय देतो, हेही पाहिलं पाहिजे. ज्या बाईने पन्नास वर्षं घरात आज भाजी कुठली हे ठरवलं, तिला इथे चहा कितीला, आंघोळ कितीला, दिवा कधी मालवायचा, सगळं ठरवून मिळतं. कपाटाची किल्लीसुद्धा कार्यालयात. सोय म्हणून हे करतात, आणि सोयच ती. पण माणूस हळूहळू पार्सलासारखा होतो. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की इथले निर्णय तुमचे तुम्ही घ्या, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते ठरवा, आणि हे रोप घ्या, त्याची निगा तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्स घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक आनंदी आणि तरतरीत दिसू लागली. प्रयोग लहान होता, त्याच्या काही आकडेमोडीवर पुढे आक्षेपही आले. पण आपल्या आश्रमांत मेथीच्या जुड्या रोज स्वयंपाकघरात जातात, आणि त्या निवडायला मागणाऱ्या आजींना ‘तुम्ही बसा हो, आराम करा’ असं सांगितलं जातं, हे बघताना तो प्रयोग आठवतोच.

सरकार या सगळ्यात कुठे आहे? मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्याची देशव्यापी पाहणी केली. साठीपुढच्या सुमारे ८ टक्के लोकांत नैराश्य असावं असं तिच्यात आढळलं. ते निदान आधी झालेले मात्र एक टक्काही नव्हते. म्हणजे दहांतल्या नऊ जणांना आपल्याला काय झालं आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि ही पाहणी घराघरांतून झालेली. आश्रमातला म्हातारा त्या आठ टक्क्यांतही धरलेला नाही.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याचं कलम १९ वाचण्याजोगं आहे. राज्य सरकार दर जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढू शकेल, आणि आश्रमांसाठी ‘वैद्यकीय काळजी’ व ‘करमणुकीची साधनं’ यांबाबत मानकं ठरवू शकेल, असं त्यात म्हटलं आहे. ‘शकेल’वरच कायदा थांबतो. त्यातही एका बाजूला वैद्यक, दुसऱ्या बाजूला करमणूक. मन यांच्या मधल्या फटीत पडलं. वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली.

करमणुकीची बाजू मात्र समाजाने उचलली आहे. दिवाळीचा फराळ, कुणाच्या बाळाचा पहिला वाढदिवस, कुणा नगरसेवकाचा एकसष्टावा, कॉलेजच्या पोरांचा ‘उपक्रम’. केक कापायचा, टाळ्या वाजवायच्या, आजींच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचा. फोटोत आजी हसतात. त्यांना हसावं लागतं. पुढच्या वर्षीचा फराळ त्यावर अवलंबून असतो. या भेटींनी नैराश्य ओळखू येत नाही, उलट झाकलं जातं, कारण मागे राहिलेला फोटो ‘सगळं छान चाललंय’ असं सांगत भिंतीवर लागतो.

ओळखण्याची साधनं महागडी नाहीत. जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खास वृद्धांसाठी प्रश्नावली केली. तिची १५ प्रश्नांची आवृत्ती १९८६ ची. उत्तर फक्त हो किंवा नाही. झोप, भूक यांबद्दल तिच्यात मुद्दामच विचारलेलं नाही, कारण त्या वयात ते सगळ्यांचंच असतं. पाचाहून जास्त गुण आले की डॉक्टरांना दाखवायचं. आंधळेपणाने वापरायची नाही हे खरं. घरातून बाहेर पडावंसं वाटतं की घरीच थांबावंसं, अशा आशयाचा एक प्रश्न तिच्यात आहे. फाटकाला कुलूप आणि बाहेर पडायला मुलाची परवानगी लागते तिथे त्याचं काय उत्तर द्यायचं? अमेरिकेतल्या सरकारी पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमना तर प्रत्येक रहिवाशाची मनःस्थिती आल्या आल्या आणि मग दर तीन महिन्यांनी नोंदवावीच लागते. तिथेही पुष्कळ ठिकाणी नुसत्या खुणा होतात. पण निदान खुणा कुठे करायच्या तो कागद आहे.

उपचारांबद्दलही उगाच हात टेकलेले असतात. ‘या वयात आता काय मानसोपचार’, आणि पुण्यात असेल तर ‘म्हणजे येरवड्याला?’ नैराश्यावरची औषधं वृद्धांनाही लागू पडतात. गुण यायला चारसहा आठवडे, कधी अधिक लागतात. सुरुवात कमी मात्रेने करून सोडियमवर लक्ष ठेवावं लागतं. बोलून करायचे उपचार आहेत. बिघडलेलं श्रवणयंत्र दुरुस्त करून देणं हाही उपचारच. ऐकू न येणारा माणूस गर्दीतही एकटा असतो. १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा टेलिमानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, पण आश्रमातला फोन व्यवस्थापकांच्या टेबलावर असतो, आणि त्यांच्यासमोर, मोठ्याने, ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे कोण बोलणार?

खरी निदानतज्ज्ञ आश्रमात आधीपासूनच आहे. ती ताट उचलते, चादर बदलते, वेणी घालते. कुणी पोळी उशीखाली ठेवली, कुणी आठ दिवस केसाला तेल लावू दिलं नाही, कुणी फोन आला तरी ‘झोपलेय म्हणून सांग’ म्हटलं, हे मावशींना डॉक्टरांच्या आधी कळतं. त्यांना कुणी विचारत नाही. त्या ब्युरोतून येतात, बारा तासांची पाळी करतात, पगार इतका तुटपुंजा की दोनचार महिन्यांत दुसरीकडे जातात, आणि आजींचा कालचा चेहरा कसा होता हे माहीत असलेलं माणूस त्यांच्याबरोबर निघून जातं. तीच मावशी वर्षभर टिकवायला आश्रमाला जो खर्च येईल, तो औषधांच्या बिलात धरायला हरकत नाही.

प्रवेशअर्जात रक्तदाब, मधुमेह, ॲलर्जी, आहार, अनामत, आणि शेवटी ‘मृत्यू झाल्यास कुणाला कळवावे’ असे रकाने असतात. नवे अर्ज छापायला जातील तेव्हा मधे आणखी तीन घालावेत: यापूर्वी कधी नैराश्याचे उपचार झाले होते का, अलीकडे कोण गेलं, आणि घरी रोज कोणतं काम स्वतः करत होता. पंधरा प्रश्नांचा कागद रहिवासी आल्यावर महिन्याभराने आणि पुढे दर तीन महिन्यांनी भरावा. आणि भेटीला येणाऱ्या मुलाने कार्यालयात न थांबता थेट मावशींना विचारावं, आई गेल्या आठवड्यात कुणाशी भांडली का.