निवडलेले आणि वगळलेले



गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या धम्मवर्गात नववीत शिकणाऱ्या एका मुलीने एक प्रश्न आणला. ती मेलबर्नच्या पश्चिमेकडील एका ख्रिस्ती शाळेत जाते. आपल्यापैकी अनेकांची मुले अशा शाळांत आहेत. शिस्त आणि शिक्षण पाहून आम्हीच त्या पसंत केल्या. धर्मशिक्षणाच्या तासाला तिला निबंध दिला होता: कोणाचा उद्धार होणार हे ईश्वराने आधीच ठरवले असेल, तर मनुष्य आपल्या कृत्यांना जबाबदार कसा? वर्गात बसलेल्या एका आजी लगेच म्हणाल्या, "बाळा, ज्याच्या नशिबी जे असते तेच होते." मुलीने विचारले, "आजी, मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

आमच्यापैकी कोणालाच चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून या वेळचा स्तंभ त्या प्रश्नासाठी.

ख्रिस्ती धर्मात हा वाद फार जुना आहे. पाचव्या शतकात पेलाजियस म्हणत होता की मनुष्य स्वप्रयत्नाने सन्मार्गावर राहू शकतो. ऑगस्टीनचे म्हणणे असे की ईश्वरी कृपेवाचून त्याला ते शक्य नाही. पेलाजियसचे मत पाखंड ठरले. पुढे कॅल्विनच्या परंपरेने पूर्वनियतीचा सिद्धान्त अत्यंत कठोरपणे मांडला: काहींची निवड तारणासाठी, बाकीचे वगळलेले, आणि हा निर्णय जगाच्या उत्पत्तीपूर्वीचा. हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी त्याला विरोध केला; १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मपरिषदेने त्यांना दोषी ठरवले. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने १७३९ च्या आपल्या प्रवचनात याच सिद्धान्तावर इतका प्रखर हल्ला चढवला की त्याचा सहकारी व्हाइटफील्ड त्याच्यापासून दुरावला.

हे दोन्ही पक्ष जहाजांत बसून ऑस्ट्रेलियात आले. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांनी १६४६ चा वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा आणला. त्यात पूर्वनियती ठसठशीत शब्दांत आहे. मेथडिस्टांनी वेस्लीची प्रवचने आणली; त्यांत कृपा सर्वांसाठी खुली आहे. २२ जून १९७७ रोजी सिडनीच्या टाउन हॉलमध्ये मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन एकत्र येऊन युनायटिंग चर्च स्थापन झाले. त्यांच्या ऐक्यपत्रिकेच्या एकाच परिच्छेदात वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामाही आहे आणि वेस्लीची चव्वेचाळीस प्रवचनेही. ज्या मतांवरून पूर्वी माणसे एकमेकांपासून तुटली, ती शेजारी शेजारी नांदू लागली. सुमारे एक तृतीयांश प्रेस्बिटेरियन बाहेर राहिले. त्यामागे कारणे अनेक होती, सिद्धान्ताची शुद्धता हे त्यांपैकी एक.

परंतु आमच्या मते अधिक बोलकी घटना त्याच्याही आधीची आहे. २४ जुलै १९०१ रोजी निरनिराळ्या वसाहतींतील प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक झाल्या, तेव्हा त्यांनी वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा स्वीकारला, पण सोबत एक स्पष्टीकरण जोडले. मूळ विश्वासनाम्यात बालपणी मरण पावणाऱ्या 'निवडलेल्या' बालकांचा उद्धार होतो असे म्हटले आहे. मग न निवडलेल्या बालकांचे काय? त्या काळी अनेक घरांतून लहानग्यांच्या शवपेट्या निघत. त्या आईसमोर उभे राहून धर्मोपदेशकाने काय सांगावे? १९०१ च्या स्पष्टीकरणाने सांगितले की बालपणी मरणारे कोणतेही मूल नाश पावते असे मानणे धर्मोपदेशकावर बंधनकारक नाही. शिवाय चर्चच्या नेहमीच्या साधनांपलीकडे असलेल्यांवरही ईश्वर कृपा करू शकतो. (या शेवटच्या वर्गात आपणही येतो.) सिद्धान्त रद्द झाला नाही, शोकाकुल आईबापांपुढे तो किंचित वाकला.

आता आपल्याकडे वळू. बुद्धाच्या काळीही पूर्वनियतीवादी होते. मक्खली गोशाल सांगत असे की सुताचा गुंडा उलगडत जावा तसा प्रत्येक जीव ठरलेल्या मार्गाने संपत जातो; प्रयत्नाला अर्थ नाही. बुद्धाने या मताची तुलना केसांच्या कांबळ्याशी केली, जे थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम. अंगुत्तर निकायातील तित्थ सुत्तात त्यांनी तीन मते एकत्र तपासली: सर्व काही पूर्वकर्माने होते, सर्व काही ईश्वरनिर्मित आहे, आणि सर्व काही विनाकारण होते. तिन्हींना त्यांनी एकच कसोटी लावली. यांपैकी काहीही खरे मानले तर हत्या करणाराही म्हणेल की हे माझ्याकडून घडवले गेले. मग हे करावे, हे करू नये, असे म्हणण्यास आधार कोणता?

या यादीत पहिले नाव पूर्वकर्माचे आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. ईश्वराची पूर्वनियती आपल्याला चटकन दिसते; पूर्वजन्मीची मात्र घरात वावरत असते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी विचारले आहे की गतजन्मीच्या कर्माचा असा सिद्धान्त असण्याचा हेतू काय असू शकतो, आणि उत्तरही दिले आहे: गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकून टाकावी, एवढाच.

आम्ही स्थलांतरितांनी या सिद्धान्ताची एक नवी आवृत्ती काढली आहे. कॅल्विनवादी मनुष्य आपण निवडलेलो आहोत की नाही या चिंतेने आपल्या यशात खुणा शोधी. आम्ही व्हिसाच्या पत्रात शोधतो. कुशल स्थलांतरितांच्या यादीत येण्यास किमान पासष्ट गुण लागतात. वय, इंग्रजी, पदवी, अनुभव. ते जमले की मेजवानीत कोणीतरी म्हणतोच, "आम्ही मेहनत केली, गावाकडच्यांनी केली नाही." आणि दुसरा म्हणतो, "ज्याचे त्याचे नशीब." दोन्ही वाक्ये एकाच ताटात, युनायटिंग चर्चच्या ऐक्यपत्रिकेसारखी! वस्तुतः त्या प्रत्येक गुणामागे कारणे आहेत. पदवीमागे शिष्यवृत्ती आहे, शिष्यवृत्तीमागे चळवळ आहे, वसतिगृहातील एक खाट आहे, दुसऱ्याच्या शेतात राबलेली आई आहे. आमच्यातील कित्येकांच्या वडिलांना १९५० साली औरंगाबादेत उभे राहिलेले मिलिंद महाविद्यालय नसते तर पदवीच नसती. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात: हे असल्यामुळे ते होते. गावी राहिलेल्या चुलतभावाला वगळणारा कोणी ईश्वर नव्हता. त्याच्या वाट्याची खाट रिकामी झाली नव्हती, इतकेच.

पुढच्या रविवारी आम्ही संयुत्त निकायातील सीवक सुत्त वर्गात वाचले. एका परिव्राजकाने विचारले, माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच असते का? बुद्ध म्हणतात, पित्तामुळे वेदना होतात, कफामुळे होतात, वातामुळे, ऋतुबदलामुळे, अपघातामुळेही होतात. सर्व पूर्वकर्मामुळे म्हणणारे अनुभवाच्या पलीकडे जातात.

आजी गप्प ऐकत होत्या. मग त्यांनी प्रथमच सांगितले की त्यांचे पहिले मूल दहा महिन्यांचे असताना तापाने गेले. पावसाचे दिवस, दवाखाना दोन नद्यांपलीकडे. गावातील बायका म्हणाल्या, हिच्या मागच्या जन्मीचे पाप. 'नशीब' हा शब्द आजींनी तेव्हा धरला, कारण 'पाप' या शब्दापेक्षा तो हलका होता.

आम्ही या शब्दावरून आजींना मनातल्या मनात अनेकदा नावे ठेवली होती. सत्तरीच्या या बाईने वर्गात आमच्याकडे पाहून विचारले, "म्हणजे माझे काही चुकले नव्हते?"

त्या मुलीने उत्तर दिले, "नाही आजी. पूल नव्हता."

तिचा निबंध अजून पूर्ण व्हायचा आहे. शाळेने एक आठवड्याची मुदत वाढवून दिली आहे, आणि त्यात १९०१ चे ते स्पष्टीकरण घालण्याचे तिने ठरवले आहे.