चुलीचा हिशेब

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांमध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधीच झाली नाही आणि हजारो कामगार पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत. संपाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले; पगार थांबल्यावर लालबाग-परळच्या खोल्यांत चूल कशी पेटत राहिली, यावर त्या मानाने थोडेच.

पगार बंद झाला की घर एकदम कोसळत नाही, पायरीपायरीने खाली येते. आधी वाण्याकडील उधारी वाढली, मग पितळेची भांडी मोडीत निघाली, बाईच्या गळ्यातील पोत गहाण पडली, मुलांची रवानगी कोकणात किंवा घाटावर झाली. ज्या गावांना दरमहा मुंबईची मनिऑर्डर जाई, त्याच गावांवर आता मुंबईतील घरे विसंबली. कामगार गावी परतले, तेव्हा त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचेही उत्पन्न बुडाले. काही पुरुष भिवंडीच्या यंत्रमागांवर कमी मजुरीत राबले, काहींनी पहारेकऱ्याची नोकरी धरली. अनेक घरे मात्र बायकांनीच तोलली. पापड लाटून, परक्यांची धुणीभांडी करून. आई बाहेर पडली की घरचे काम थोरल्या मुलीकडे येई, आणि मग तिची शाळा सुटे.

कुटुंबव्यवस्थेमुळे ही माणसे तरली, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेच आहे. पण ती व्यवस्था ज्यांच्या कष्टांवर उभी होती, त्यांची मजुरी कोणी मोजली? गिरण्या बंद पडल्या तेव्हा देणी ठरली ती कामगाराच्या सेवेच्या वर्षांवरून. गहाण पडलेली पोत आणि सुटलेली शाळा त्या कागदावर यायची तरी कुठे!

कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळावी, अशी ती तरतूद. २०२० साली ते प्रमाण ५० टक्के झाले. दिशा योग्यच आहे. मात्र नाक्यावर उभा राहणारा मजूर आणि घरी पापड लाटणारी बाई या विम्याच्या यादीत नाहीत. आणि यादीत असणाऱ्यालाही मर्यादा आहे ती ९० दिवसांची, साऱ्या आयुष्यात मिळून. गिरणगावातील ९० दिवस एप्रिल १९८२ मध्येच संपले होते.