एकतर्फी मुखवटा

प्रणयकथेंत नांव दडविण्याची युक्ति कांहीं आजची नव्हे. परंतु हल्लीं ह्या युक्तीचा जो एक विशिष्ट प्रकार सुशिक्षित घरांतून विशेष कौतुकानें वाचला व पाहिला जातो, त्याविषयीं चार परखड शब्द लिहिणें आम्हांला अवश्य वाटतें. प्रकार वाचकांच्या परिचयाचाच आहे. एक तरुण व एक तरुणी शेजारीं शेजारीं राहतात. दोघांनाही पुस्तकांचें वेड. समोरासमोर भेट झाली कीं खटका उडतो. आणि त्याच वेळीं टोपण नांवांच्या आडून तींच दोघें एकमेकांना मनांतलें गूज लिहीत असतात. पुढें एकाला खरें काय तें कळतें, दुसऱ्याला कळत नाहीं. आणि ज्याला कळलें तो गप्प राहतो. हें मौन म्हणजे प्रेमाची परिसीमा, असें लेखक सुचवितो व वाचक मान डोलावितो. आमचा आक्षेप ह्या मान डोलावण्याला आहे.

ह्या प्रकाराची वंशावळ सरळ आहे. मिक्लोश लास्लो ह्या हंगेरियन नाटककाराचें, सुगंधी द्रव्यांच्या दुकानांत घडणारें नाटक १९३७ सालीं बुडापेस्टच्या रंगभूमीवर आलें. त्यावरून एर्न्स्ट लुबिच ह्यानें १९४० सालीं ‘दि शॉप अराउंड दि कॉर्नर’ हा चित्रपट काढला. आणि नोरा एफ्रॉन ह्या दिग्दर्शिकेनें १९९८ सालीं तेंच कथानक न्यूयॉर्कच्या एका वस्तींत आणून ‘यू’व्ह गॉट मेल’ तयार केला. टपालाच्या जागीं संगणकावरचीं पत्रें आलीं. एकाच दुकानांतील दोन नोकरांच्या जागीं एकाच वस्तींतील दोन पुस्तकविक्रेते आले. कथा तीच राहिली, असें सर्वजण म्हणतात. आमच्या मतें ती तीच राहिलेली नाहीं, आणि फरक कोठें पडला हें कोणी पाहत नाहीं हेंच आमचें दुःख आहे.

१९४० च्या चित्रपटांतील आल्फ्रेड क्रालिक हा पगारी नोकर. आपल्या अज्ञात पत्रमैत्रिणीला भेटण्याच्या दिवशींच त्याची नोकरी सुटते. उपाहारगृहाच्या खिडकींतून त्याचा मित्र डोकावतो, तों ‘ॲना करेनिना’ पुढें ठेवून व खुणेचें फूल घेऊन बसलेली तरुणी दुसरी कोणी नसून त्याच दुकानांतील क्लारा नोव्हाक आहे, असें उघड होतें. क्रालिक तें तिला सांगत नाहीं. त्याच्या मौनाचें आम्ही समर्थन करीत नाहीं. पण त्या घटकेस त्याच्या हातीं काय होतें? दोघेंही एकाच मालकाचीं नोकर, आणि त्यांतला हा तर त्या संध्याकाळीं बेकार! पुढें मालक त्याला परत बोलावून व्यवस्थापक नेमतो हें खरें; तथापि नाताळच्या आदल्या रात्रीं तो पडदा आपण होऊन दूर करतो.

१९९८ चा जो फॉक्स हा नोकर नव्हे. मोठमोठीं पुस्तकभांडारें काढणाऱ्या धनाढ्य घराण्याचा तो वारस. कॅथलीन केलीचें दुकान लहान, मुलांच्या पुस्तकांचें, आईच्या पश्चात् तिनें चालविलेलें. त्याचें भांडार जवळच उघडतें आणि तिचें दुकान बसत जातें. पहिल्याच भेटींत तो आपलें आडनांव सांगण्याचें टाळतो. पुढें ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ व गुलाब घेऊन वाट पाहणारी आपली पत्रमैत्रीण हीच, हें त्याला कळतें. आणि तेथून खेळ बदलतो. दुकान बंद होतें. ती आजारी पडते, तेव्हां हा फुलें घेऊन तिच्या घरीं जातो. नंतर तो तिला त्या अज्ञात मित्राविषयीं खोदून खोदून विचारतो, थट्टाही करतो. आणि घरीं परतून त्याच मित्राच्या नांवानें तिला पत्र लिहितो. ती त्याला अर्धा ओळखते. तो तिला दोन्ही बाजूंनीं ओळखतो. ज्यानें तिची उपजीविका बुडविली, त्याच्याच हातीं तिच्या मनाची किल्लीही आहे, आणि हें तिला माहीत नाहीं. ह्याला गोड योगायोग म्हणावयाचें कीं दुसरें कांहीं?

दोघांनींही मुखवटे घातले असतील तर तो खेळ आहे, आणि खेळाला आमची हरकत नाहीं. पत्त्यांच्या डावांत दोघांचेही पत्ते झांकलेले असतात म्हणूनच त्याला डाव म्हणतात. परंतु एका गड्याला समोरच्या आरशांत दुसऱ्याचे पत्ते दिसूं लागले आणि तरीही तो मुकाट्यानें खेळत राहिला, तर त्याच्या जिंकण्याला आपण कौशल्य म्हणत नाहीं. मुखवटा एकतर्फी झाला कीं त्याचें नांवही बदललें पाहिजे.

ह्यावर असें म्हणतात कीं, अखेरच्या प्रसंगीं कॅथलीन स्वतःच, तो मित्र म्हणजे जो फॉक्सच असावा अशी आपली इच्छा होती, असें सांगते. मग नायिकेची तक्रार नसतां आम्हीं वकीलपत्र कां घ्यावें? प्रश्न रास्त आहे. पण ती इच्छा उपजली कशी तें पाहा. तिला काय आवडतें, काय खुपतें, कोणत्या शब्दानें तिचें मन हळवें होतें, हें सर्व तिच्या पत्रांतून आधींच जाणणाऱ्या माणसानें ती इच्छा दिवसेंदिवस पेरली. तिला निवड करावयास सांगितली ती सर्व निवडून झाल्यावर. शिवाय नायिकेला काय वाटावें हें लेखक ठरवितो. तेव्हां तिची क्षमा हा पुरावा नव्हे, तें लेखकाचें सोयीचें काम आहे.

दुसरा आक्षेप आमच्या परंपरेच्या नांवानें घेतला जातो. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रां’त (१८८२) अर्जुन संन्यासी होतो, दुष्यंत आपण राजा असल्याचें लपवितो, आणि प्रत्यक्ष शंकर बटूच्या वेषानें पार्वतीपुढें उभा राहतो, मग बिचाऱ्या अमेरिकन पुस्तकविक्रेत्यावरच रोष कां? उत्तर सोपें आहे. अर्जुनावर सुभद्रेचें प्रेम बसलें तें त्याच्या खऱ्या नांवावर. संन्याशाचा वेष आहे तो दुर्योधनाशीं तिचें लग्न लावूं पाहणाऱ्या बलरामासाठीं. दुष्यंताचें सोंग मुद्रिकेवरील नांवानें तेथल्या तेथें संशयास्पद ठरतें. आणि ‘कुमारसंभवा’च्या पांचव्या सर्गांतील बटु काय करतो? तो पार्वतीपुढें शंकराची निंदा करतो. नकार देण्याला जेवढीं म्हणून कारणें असतील तेवढीं तो स्वतःच तिच्या हातीं देतो. ती संतापून निघूं लागतांच तत्क्षणीं खरें रूप प्रकट करतो. आणि त्यानंतरही सप्तर्षींना हिमालयाकडे पाठवून रीतसर मागणी घालतो. कालिदासाला मुखवट्याची गंमत कळत होती आणि मर्यादाही कळत होती.

सर्वांत विनोदी गोष्ट ही कीं, कॅथलीनचें आवडतें पुस्तक जेन ऑस्टिनचें आहे. १८१३ च्या त्या कादंबरींत डार्सी एलिझाबेथला पत्र देतो तें आपल्या नांवानें, आपल्या हातानें, तिनें झिडकारल्याच्या दुसऱ्या दिवशीं. आणि त्यांत स्वतःला कमीपणा आणणाऱ्या गोष्टीही लिहितो. पुढें तो एक गोष्ट लपवितो खरी: तिच्या धाकट्या बहिणीची अब्रू वांचविण्यासाठीं आपण पैसा खर्च केला ही. लपविण्याचे हे दोन प्रकार आहेत. एकांत माणूस आपलें श्रेय लपवितो, दुसऱ्यांत आपलें वर्चस्व. ज्या चित्रपटानें हें पुस्तक नायिकेच्या हातीं शोभेला दिलें, त्यानें तें उघडून वाचलें असतें तर बरें झालें असतें.

‘गोष्टच ती, एवढें काय मनावर घ्यावयाचें!’ असें कोणी म्हणेल. पण आज आपल्या घरांतील मुलगे व मुली ज्या यंत्रावर परिचय जोडतात, तेथें खोटें नांव व उसना चेहरा घेणें ही क्षणाची गोष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६९ व्या कलमांत, फसवणुकीनें जोडलेल्या शरीरसंबंधाला शिक्षा सांगतांना, फसवणुकीच्या साधनांत ओळख दडवून केलेला विवाहही गणला आहे. आम्हांला जो फॉक्सला न्यायालयांत खेंचावयाचें नाहीं. कायदा राकट अपराध पाहतो. त्याच्या अलीकडे जें नाजूक कपट असतें, तें ओळखावयास कथेनेंच शिकवावयाचें असतें. आणि कथाच जर त्या कपटाला फुलांचा हार घालूं लागली, तर वाचकानें तें ओळखावें कोठून?

गुप्त ओळखीच्या कथा लिहूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. रोस्तांच्या ‘सिरानो द बेर्जराक’ (१८९७) ह्या नाटकांतील नायकही दुसऱ्याच्या नांवानें प्रेमपत्रें लिहितो. पण त्या लपविण्याची किंमत तो स्वतः मोजतो. चौदा-पंधरा वर्षें मुकाट झुरतो, आणि सत्य बाहेर येतें तें मरणाच्या दिवशीं. आणि शेजारीं राहणाऱ्या दोन लेखकांचीच गोष्ट हवी असेल, तर एमिली हेन्री ह्यांच्या २०२० च्या ‘बीच रीड’मध्यें तीं दोघें एकमेकांना नांवानिशीं ओळखतात, उघड पैज लावून एकमेकांच्या धर्तीची कादंबरी लिहावयास घेतात, आणि तरीही कथेची गोडी कमी होत नाहीं.

तेव्हां लेखकांना आमची मागणी एवढीच. नांव लपवा, पण ज्याला आधीं कळलें त्याला त्या कळण्याचा भार वाटूं द्या. तो बोलला नाहीं तर त्या न बोलण्याचें मोल त्याच्याकडून वसूल करा, तिच्याकडून नव्हे. आणि वाचकांना विनंति ही कीं, पडदा दूर होऊन नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलें म्हणजे आपलेही डोळे पुसण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: हिला हें कधींच कां सांगितलें नाहीं? ज्या कथेजवळ ह्याचें उत्तर आहे ती खुशाल आवडीनें वाचावी. जिच्याजवळ नाहीं, तिला प्रेमकथा म्हणण्याची घाई करूं नये.