स्पर्धेला न्या, पण जिंकायला नको



मागच्या व्हिडिओत "सीझनच्या तोंडावर नवीन माणूस घ्यावा का?" यावर बोलताना मी घोड्याचं उदाहरण दिलं आणि वेळ संपत आली म्हणून दोन वाक्यांत गुंडाळलं. ते अर्धवटच राहिलं. म्हणून आज इथे नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. नवीन माणूस सीझनमध्ये जरूर घ्या, काउंटरपाशीही उभा करा, पण त्या सीझनला त्याच्याकडून विक्रीची अपेक्षा ठेवू नका. "पाण्यात ढकललं की आपोआप पोहायला येतं" हा सल्ला आपल्या बाजारात फुकट मिळतो. पण तो पाळायला फार महाग आहे. मी ती किंमत मोजली आहे.

तो रविवार

२०१९ चा जून. आमचं दुकान शाळेच्या युनिफॉर्मचं. वर्षभराच्या धंद्याचा मोठा हिस्सा मे अखेर ते जून अखेर एवढ्यातच होतो. शाळा उघडायच्या आधीचा रविवार म्हणजे आमची दिवाळी.

तीन आठवड्यांपूर्वी वैजापूरकडचा एक मुलगा कामाला लागला होता. वय १९. मुलगा हुशार. मागच्या खोलीतला माल त्याने दोन दिवसांत शाळेप्रमाणे लावून टाकला. समोरच्या पोराकडे नुसतं बघून "ह्याला ३० बसेल" म्हणायचा आणि ३० च बसायचा. मला वाटलं, हिरा सापडला! रविवारी सकाळी त्याला थेट मेन काउंटरवर उभं केलं.

दुपारी बारापर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन शाळांचे चेक्स दिसायला जवळजवळ सारखे आहेत, फक्त एकाची मरून रेघ जाड. त्याने एकाचा दुसऱ्याला दिला. ते पालक परत आले, भर दुकानात ओरडले. मुलगा गोंधळला, पुढची दोन बिलं चुकली. आणि मी, मालकीण, सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढंही कळत नाही का?"

तो चहाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. फोन बंद. तीन आठवड्यांचा पगारही न्यायला आला नाही. त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, "आजकालच्या पोरांना कामच नको." सोपं असतं ना असं म्हणणं?

टोकियोतले २८ सेकंद

मग २०२१ आलं. शाळा बंद, म्हणजे आमचं दुकान उघडं असून बंद. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी मी रिकाम्या काउंटरवर मोबाइलवर ऑलिम्पिक बघत बसले होते. इव्हेंटिंग नावाचा खेळ चालू होता आणि त्यात एक भारतीय होता, बंगळुरूचा फवाद मिर्झा. घोडेस्वारीत भारताचा माणूस ऑलिम्पिकला पोहोचायला २० वर्षं लागली होती. त्याच्या आधी २००० साली सिडनीला आपल्या मुंबईचे इम्तियाझ अनीस होते.

हा खेळ आधी समजून घ्या, कारण यातले आकडे दुकानदाराला लगेच कळतात. एकच घोडा, एकच स्वार, तीन परीक्षा. पहिली ड्रेसाज, म्हणजे मैदानात शिस्तीत, तालात चालणं. दुसरी क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातून ओंडके, खड्डे, पाणी पार करत धावणं. तिसरी शो जंपिंग, म्हणजे हलकासा धक्का लागला तरी पडणारे बांबू न पाडता उड्या. सगळा हिशोब दंडाचा. ज्याचा दंड कमी, तो पुढे.

आता क्रॉस कंट्रीचं गणित बघा. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला ०.४ दंड. घोडा अडथळ्यापाशी अडला, तर एका नकाराला २० दंड. त्याच ठिकाणी पुन्हा अडला तर आणखी ४०. त्यापुढे थेट बाहेर. म्हणजे एक नकार बरोबर ५० सेकंदांचा उशीर!

म्हणूनच अवघड अडथळ्यांवर बऱ्याचदा दोन रस्ते ठेवलेले असतात. सरळ रस्ता जवळचा पण कठीण, वळसा लांबचा पण सोपा. कच्चा घोडा असेल तर शहाणा स्वार वळसा घेतो. १५ सेकंद गेले तर ६ दंड. पण घोडा अडला नाही, घाबरला नाही आणि "मला जमलं" हे घेऊन घरी आला.

फवादने त्या दिवशी एकही अडथळा चुकवला नाही. २८ सेकंद उशीर झाला, ११.२० दंड लागला. तरी पहिल्या २५ मध्ये राहून त्याने वैयक्तिक अंतिम फेरी गाठली आणि शेवटी २३ वा आला.

पण मला खरी शिकवण मिळाली ती त्याच्या घोड्याच्या निवडीत. टोकियोसाठी त्याने आधी दजारा ४ ही १० वर्षांची घोडी जाहीर केली होती. नंतर निर्णय बदलला आणि १५ वर्षांचा सेन्यॉर मेडिकॉट नेला. याच घोड्यावर त्याने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदकं मिळवली होती. त्यानंतर दुखापतीमुळे मेडिकॉट बराच काळ स्पर्धेबाहेर होता, तरीही. फवादच्या मनात नेमकं काय होतं हे सांगायचा मला अधिकार नाही. मी त्यातून एवढंच घेतलं, की सगळ्यात मोठ्या दिवशी त्या दिवसाची गर्दी आधी पाहिलेलाच पुढे उभा करायचा. दजारा वाईट म्हणून मागे राहिली असं नाही. तिचा दिवस वेगळा.

बुजलेला घोडा

त्यानंतर दिराबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी, दत्त जयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दिराला वछेरा घ्यायचा होता. बाजारात सगळे बघत होते रंग, उंची आणि चाल. आमच्याबरोबरचे एक जाणते काका मात्र आधी तोंड उघडून दात बघायचे. घोड्याचे पुढचे पक्के दात साधारण अडीच वर्षांपासून जोडीजोडीने येतात आणि साडेचारच्या आसपास पूर्ण होतात. दिसायला मात्र तो तिसऱ्या वर्षीच तयार वाटतो. उंच, चमकदार, उसळता. पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, ती बाहेरून दिसत नाही.

म्हणून या खेळात वयाचे नियम आहेत. ऑलिम्पिकच्या इव्हेंटिंगला ८ वर्षांखालचा घोडा चालतच नाही. फ्रान्समध्ये ल लिऑं दांजे इथे तरुण घोड्यांची जागतिक स्पर्धा होते. तिथेही ६ वर्षांचे वेगळे आणि ७ वर्षांचे वेगळे. एका वर्षाचा फरकसुद्धा त्यांनी मोजला आहे.

आणि शरीरापेक्षा मन कच्चं असतं. घोड्याला पाण्याची खोली कळत नाही. तो उडी मारतो ती स्वाराच्या भरवशावर. एकदा घसरला, वरून चाबूकही बसला, तर पुढच्या वेळी पाणी दिसलं की बुजतो. मग तोच घोडा डबक्यापासून पुन्हा शिकवावा लागतो आणि त्यात महिने जातात.

दीर घोड्याबद्दल बोलत होता, मला तो रविवार आठवत होता. माझा मुलगा कामचुकार नव्हता. तो बुजला होता. आणि चाबूक माझ्या हातात होता.

"मॅडम, आम्हाला परवडत नाही"

हे तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे. चार माणसांचं दुकान, सीझन पंधरा दिवसांचा, एकाला नुसतं शिकायला कसं ठेवायचं?

आक्षेप खरा आहे. पण मी त्याला बाजूला ठेवा असं म्हणतच नाहीये. इव्हेंटिंगवालेही तरुण घोड्याला नुसतं तबेल्यात ठेवून तयार करत नाहीत. घरच्या मैदानावर सगळं येणारा घोडा लाउडस्पीकर, झेंडे, अनोळखी घोडे बघून बिथरतो. ते शिक्षण स्पर्धेतच मिळतं. म्हणून त्याला स्पर्धेला नेतातच. फक्त खालच्या पातळीला, वळसा घेत, निकालाकडे न बघता. जमीन दगडासारखी कडक असेल किंवा घोडा ठीक वाटत नसेल, तर भरलेली फी सोडून नाव मागे घेतात. पैसे जातात, घोडा राहतो.

त्या रविवारी माझं किती वाचलं? एका काउंटरची दोन तासांची रांग. गेलं काय? पुढची पाच वर्षं टिकू शकला असता असा माणूस. हिशोब तुम्हीच करा.

तुमच्या दुकानात हे कसं करायचं?

१. कामाचे तीन भाग पाडा. माल ओळखणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, गर्दीत बिल करणं. या तीन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत हुशार म्हणजे तिसरीत तयार, असं समजू नका. मी नेमकं तेच समजले होते.

२. लहान स्पर्धा शोधा. मंगळवार दुपारची चार गिऱ्हाइकं ही त्याची पहिली स्पर्धा. रविवारी त्याला अनुभवी माणसाच्या शेजारी उभं करा. गर्दी बघू दे, ऐकू दे. बिल त्याचं नको.

३. वळसा आधीच सांगून ठेवा. "अडलास तर 'एक मिनिट, ताईंना विचारतो' म्हण." हे वाक्य त्याला पाठ करून द्या. गिऱ्हाईक एक मिनिट थांबेल. उशिराचा दंड लहान असतो, चुकीचा माल गेल्याचा मोठा.

४. बुजला तर त्याच क्षणी मागे घ्या, पण शिक्षा म्हणून नाही. "मागे ये, तीस नंबरचे शर्ट काढून दे." हे काम त्याला येतं. दिवसाचा शेवट त्याला येणाऱ्या कामाने होऊ द्या.

५. मोठ्या दिवसाला जुना माणूस. वरिष्ठ माणूस महिनाभर आजारी होता आणि नवा जोशात आहे, म्हणून अदलाबदल करायचा मोह होतो. जो कठीण दिवस आधी पार करून आला आहे, त्याचं पारडं जड समजा.

एक गोष्ट मालकांसाठी. सीझनच्या शेवटी नवीन माणसाबद्दल "त्याने किती विकलं?" असं विचारू नका. "तो पुढच्या सीझनला यायला तयार आहे का?" एवढंच विचारा. पहिल्या वर्षाचा निकाल तोच.

तो मुलगा मला दोन वर्षांपूर्वी पैठण गेटजवळच्या एका चपलांच्या दुकानात दिसला. एकाच वेळी तीन गिऱ्हाइकं सांभाळत होता, हसत होता. कोणीतरी त्याला नीट वेळ दिला असणार. मी थांबून त्याचा राहिलेला पगार दिला. त्याने नको-नको म्हणत घेतला. सॉरी म्हणायचं होतं, पण दुकानात गर्दी होती, संकोच वाटला. ओरडले होते तेव्हाही गर्दीच होती, हे मला घरी आल्यावर सुचलं.

सांगायला जाणार आहे. तुमच्याकडेही असा कोणी असेल, तर सीझन सुरू व्हायच्या आत त्याला एक फोन करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.