तळ्यावरचा धक्का

दिवाळीच्या सुटींत आमच्या घरचीं चार मुलें आत्याकडे भोपाळला गेलीं होतीं. पाचोऱ्याहून भुसावळ, खंडवा, इटारसी या वाटेनें आगगाडीचा प्रवास; तो तर मजेंत झाला. परंतु परत आलीं तीं तक्रार घेऊनच. थोरल्यानें पूर्वीं एकदां तेथील मोठ्या तलावांत यंत्राच्या बोटींतून फेरी मारली होती, व तिचें वर्णन तो धाकट्यांस वर्षभर ऐकवीत होता. आतां तेथें गेल्यावर कळलें कीं, यंत्राच्या बोटी न्यायासनाच्या हुकुमानें बंद झाल्या; हवी तर वल्ह्याची होडी घ्या! "मुलांचा एवढासा खेळ देखील कोर्टाला पाहवत नाहीं काय?" असा प्रश्न रात्रीं पंगतींत निघाला, आणि नवल असें कीं, मोठीं माणसेंही मुलांच्याच बाजूचीं झालीं. आमच्या मातुःश्री तेवढ्या वाढतां वाढतां म्हणाल्या, "पण तें पाणी तिथले लोक पितात ना रे?" त्या एका प्रश्नावरूनच हें टिपण लिहावयास घेतलें आहे.

भोपाळचा मोठा तलाव राजा भोजानें अकराव्या शतकांत बांधविला असें परंपरा सांगते. शहराच्या मोठ्या भागास आजही त्याचें पाणी मिळतें. इराणांतील रामसर या गांवीं १९७१ सालीं पाणथळ जागांच्या रक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराच्या यादींत २००२ सालीं हा तलाव व त्याच्या शेजारचा लहान तलाव यांचा मिळून समावेश झाला. पुढें सप्टेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय हरित लवादानें या पाण्यांत क्रूझ व यंत्राच्या बोटी चालविण्यास मनाई केली, आणि २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही त्या निर्णयांत हात घातला नाहीं. म्हणजे मातुःश्रींची शंका व लवादाची शंका ह्या जवळ जवळ एकच होत्या. फरक इतकाच कीं, एकीस वकील लागले नाहींत.

हें सारें दूरचें आहे असें मात्र कोणी समजूं नये. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या कांठीं मुनावळें येथें २०२४ सालीं जलक्रीडेचें केंद्र निघालें. जेथें पाणी तेथें होडी, व जेथें होडी तेथें पर्यटक, हा विचार आतां सर्वत्र रूढ होत आहे; तो तापीकांठीं येणार नाहीं असें कोण म्हणेल? आणि येऊं नये तरी कां? आमच्या खानदेशांत उन्हाळा कसा असतो तें येथें राहणाऱ्यासच ठाऊक. संध्याकाळीं पाण्यावरचा वारा अंगावर घ्यावासा वाटणें ही कांहीं चैन नव्हे.

अशी मागणी येते तेव्हां ती प्रायः एका धक्क्याचीच असते. मुंबईचा भाऊचा धक्का सर्वांच्या ऐकण्यांत आहे. तळ्यावरचा धक्का त्याच्या मानानें अगदींच लहान. पाण्यांत उतरत जाणारा काँक्रीटचा एक उतार, चार खांब, एक फळ्यांची वाट. त्यानें कोणाचें काय बिघडणार? नुसत्या धक्क्यानें फारसें बिघडत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु धक्का म्हणजे तळ्याला पाडलेला दरवाजा होय. त्याच्या मागून मोटारी उभ्या करण्याची जागा येते, चहाची टपरी येते, दिवे येतात, गाणीं येतात. कांठची लव्हाळी व पाणगवत "स्वच्छता" म्हणून कापलें जातें, आणि माशांचीं बारकीं पिल्लें तर त्याच गवताच्या आश्रयानें वाढतात. मग यंत्र येतें. जुन्या घाटणीच्या दोन-धावी इंजिनांत घातलेल्या इंधनापैकीं सुमारें पाव हिस्सा न जळतांच बाहेर पडतो, व तो पाण्यावर तवंग होऊन पसरतो. बोटीच्या मागें उठणारी लाट मातीचा कांठ कुरतडते. आणि पाणी उथळ असेल तर तळचा गाळ ढवळून निघतो, उजेड खालीं पोंचत नाहीं व पाण्यांतल्या वनस्पती गुदमरून मरतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. अमेरिकेंतील महासरोवरांत १९८८ च्या सुमारास पट्ट्यापट्ट्यांचा एक परदेशी शिंपला सांपडला. तो मोठ्या जहाजांतून आला, परंतु आंतल्या लहान लहान तळ्यांत पसरला तो पुष्कळ अंशीं हौशी लोकांच्या बोटींस चिकटून. त्यामुळें तिकडे कित्येक धक्क्यांवर बोट धुवून व निथळवून मगच पाण्यांत सोडावी असा दंडक आहे. आपल्याकडे तो शिंपला नाहीं, पण जलपर्णी आहे, आणि तिचा एक तुकडा नव्या तळ्यांत पोंचला तरी पुरे होतो.

कायदा काय म्हणतो तें पाहूं गेलें तर गंमतच दिसते. पाणथळ जागांविषयींचे मध्यवर्ती सरकारचे नियम २०१७ सालीं झाले. संरक्षित पाणथळींत, गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरांच्या आंत कायमचें बांधकाम करूं नये, असें त्यांत आहे. आणि त्याच वाक्यांत "बोटींचे धक्के खेरीजकरून" अशी सवलतही आहे! याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. पिण्याच्या पाण्यासाठीं किंवा शेतीसाठीं मुद्दाम बांधलेलीं जलाशयें या नियमांच्या व्याख्येंतूनच वगळलीं आहेत. भोपाळचा तलाव मनुष्यानेंच बांधलेला खरा, पण रामसरच्या यादीची ढाल त्याला मिळाली. आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक मोठें पाणी धरणांचें. त्याला ही ढाल नाहीं. तेव्हां उद्यां येथें कोठें धक्का निघाला, तर त्याविषयीं दोन प्रश्न विचारणें हें बव्हंशीं गांवकऱ्यांवरच येऊन पडेल.

उदाहरणादाखल हतनूरच घ्या. भुसावळच्या वरच्या अंगास तापीवर हें धरण आहे, आणि चांगदेवाच्या देवळापाशीं जेथें तापी व पूर्णा मिळतात, तेथपर्यंत त्याचा फुगवटा जातो. दोन्ही नद्या काळ्या मातीच्या मुलुखांतून येतात, त्यामुळें धरणांत गाळ फार. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही हानीच होय. परंतु त्याच गाळानें पुष्कळ पाणी उथळ झालें, दलदलीचे कांठ झाले, आणि हिवाळी पांखरांस तें आयतेंच अंगण मिळालें. पक्षिशास्त्रज्ञांनीं महत्त्वाच्या पक्षिस्थळांची जी यादी केली आहे, तींत हतनूरचें नांव आहे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस, तलवार बदकें आणि चक्रवाक येथें उतरतात. चक्रवाक! संस्कृत काव्यांतून ज्याच्या विरहाचीं वर्णनें आमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या वाचलीं गेलीं, तो पक्षी आपल्या घरापासून दोन-अडीच तासांवर येऊन बसतो, आणि त्याला पाहिलेलें माणूस मात्र शंभरांत एक सांपडावयाचें नाहीं.

या पांखरांस बोटीपासून जो उपद्रव होतो तो दिसत नाहीं. बोट जवळ आली कीं थवा उडतो. पाहणाऱ्यास तें सुंदरच वाटतें, व नावाडीही बक्षिसाच्या आशेनें मुद्दाम थव्याकडे नाव नेतो. परंतु प्रत्येक उड्डाणास अंगावरची चरबी खर्च होते, आणि तीच फाल्गुनांत परतीच्या प्रवासास पुरवावयाची असते. दिवसांतून दहा वेळां उठावें लागलें तर तो हंस येथें राहणार नाहीं. दुसरें पाणी शोधील, आणि तसें पाणी आतां फारसें उरलेलें नाहीं.

पुष्कळ सुज्ञ लोक यावर सुचवितात कीं, हिवाळ्यापुरती बोट बंद ठेवावी. आम्हांसही प्रथम हेंच सुचलें होतें. पण हिशेब मांडून पाहतां तो जुळेना. हिवाळा हंसांचा. मग पाणी उतरूं लागतें, उघडीं बेटें वर येतात, आणि अशा बेटांच्या वाळूंतच नदी-सुरय उघड्यावर अंडीं घालतो. म्हणजे उन्हाळाही गेला. उरला पावसाळा, तेव्हां तापीला पूर असतो, धरणाचे दरवाजे उघडतात, आणि त्या पाण्यांत मुलें घालून नाव कोण सोडील? तेव्हां महिन्यांची वांटणी येथें व्यर्थ आहे. वांटणी करावयाची तर पाण्याची करावी. भिंतीकडील खोल पाण्यांत, आणि तेंही भिंतीपासून सुरक्षित अंतरावर, माणसांची होडी. वरच्या अंगाचें उथळ पाणी व बेटें पांखरांचीं. होडी वल्ह्याची, यंत्राची नव्हे. संकटसमयीं लागणारी एक यंत्राची बोट ठेवावी, पण ती त्याच कामापुरती.

धक्का नकोच असें म्हणणारेही आहेत. त्यांच्याशीं मात्र आमचें जमत नाहीं. सार्वजनिक धक्का नसेल तर कांठ धनिकांच्या विश्रामगृहांकडे जातो, आणि तेथें बोट चालते ती कोणास न विचारतां. भोई व कोळी बांधव या पाण्यावर पोट भरतात; त्यांस सोयीचा उतार मिळाला तर तो उपकार नव्हे, हक्क आहे. धक्का कोठें व्हावा हेंही प्रथम त्यांनाच विचारावें. पांखरें कोठें बसतात, मासा कोठें विणीस जातो, पाणी कोठें दगा देतें, तें त्यांच्याइतकें आराखडा काढणाऱ्यास ठाऊक नसतें. नाशिककडे नांदूर-मधमेश्वरास लोक मनोऱ्यांवर चढून पक्षी पाहतात, आणि आनंदानें घरीं जातात. तेंही एकदां पाहून यावें.

हें सर्व मुलांस समजावून सांगितलें. थोरल्याचें समाधान झालें असें वाटत नाहीं. यंत्राच्या बोटीचा आवाज त्याच्या कानांतून अजून गेलेला नाहीं. धाकटीनें मात्र चक्रवाक कसा ओरडतो असें विचारलें, आणि तें कोणासच सांगतां येईना. तेव्हां पौषांत एका रविवारीं पहांटेच्या गाडीनें भुसावळ व तेथून हतनूर, असा बेत ठरला आहे. मातुःश्रींनीं दशम्यांचें कबूल केलें आहे. अडचण एवढीच कीं, घरांत दुर्बीण एक आहे, आणि येणारीं मुलें, शेजारचीं धरून, नऊ.